इराच्या डाव्या हातात

मित्रांनो, कात्रीचे कुणी ऐकत नाही हे मला ठाऊक आहे. कात्रीने कापावे आणि पुन्हा फडताळात जाऊन पडावे, एवढेच तिचे काम. तरीही आज मी बोलणार आहे. नीट सांगता येईल की नाही, याची खात्री नाही. पण गप्प राहून राहून मी इतकी वैतागले आहे की सांगताना चुकले तरी चालेल, असे वाटू लागले आहे.

माझा जन्म मेरठचा. तिथल्या एका अरुंद गल्लीत जुन्या मोटारींचे लोखंड भट्टीत तापवून आम्हांला घडवतात. माझी पाती एकाने ठोकली, दुसऱ्याने घासली आणि तिसऱ्याने मधोमध खिळा बसवून ती जोडली. जोडून झाल्यावर त्याने मला हातात धरून एक चिंधी कापून पाहिली. चिंधी सफाईने कापली गेली. "बढ़िया," तो म्हणाला आणि मला ढिगात टाकून दिले. मित्रांनो, एवढे मात्र ध्यानात ठेवा. त्याने मला उजव्या हातात धरले होते.

झाशीच्या सदर बाजारातून मला इंदूने विकत घेतले. तेव्हा ती नवी नवरी होती. आज ती आजी आहे, पण मी तिला मनातल्या मनात इंदूच म्हणते. तिच्या शिलाई मशीनच्या खणात माझी जागा होती. झाशीच्याच नगरा भागातल्या त्या घरात मी झबली कापली, पोलकी कापली, गणपतीच्या मखरामागचा जरीचा पडदा कापला. शेजारची एखादी मुलगी दारात यायची. "चाची, ज़रा कैंची देना."

"कपड़े के लिए चाहिए ना?"

"हाँ चाची."

"फिर ले जा. काग़ज़ को लगाई तो मुझे समझ में आ जाएगा."

आणि तिला खरेच समजत असे. इंदूच्या यजमानांनी, म्हणजे विद्याधरांनी, एकदा माझ्याने वर्तमानपत्रातला लेख कापला. ते कॉलेजच्या ग्रंथालयात होते. आवडलेला लेख कापून ठेवायची त्यांना सवय. इंदूने दुसऱ्या दिवशी मला कापडावर चालवले आणि तिथूनच ओरडली, "अहो, कागद कापलात ना हिच्यानं?" विद्याधर पुस्तकामागे लपले. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णा तसे फार हुशार, पण पुस्तकाबाहेर आले की त्यांना स्वतःचे काहीच खरे वाटत नाही.

पुढे इंदूची नजर मंदावली. मशीनवर झाकण पडले आणि मीही बरेच दिवस फडताळात पडून राहिले. खिळ्याजवळ थोडा गंज आला. मला वाटले, संपले आपले.

मग इंदूची छोटी नात इरा शाळेत जाऊ लागली आणि शुक्रवार सुरू झाले.

शाळेची एक पद्धत होती. दर शुक्रवारी वर्गाच्या ग्रुपवर नीलम मॅडमचा संदेश यायचा. 'इस सप्ताह की पारिवारिक गतिविधि.' घरातल्या सगळ्यांनी मुलाबरोबर बसून काहीतरी करायचे आणि सोमवारी ते शाळेत न्यायचे. कधी पानांचे चित्र, कधी पुठ्ठ्याचे घड्याळ, कधी मुखवटा. कल्पना किती चांगली! मला फडताळातून बाहेर काढले तेव्हा मी गंज विसरून हरखून गेले होते. कापड नाही तर नाही, एका लहान मुलीच्या हातात तरी जाईन, असे वाटले.

पण मी तिच्या हातात गेलेच नाही. गेले, पण टिकले नाही.

इरा डावखुरी आहे. लिहिते डाव्या हाताने, चित्र काढते डाव्या हाताने. सुरुवातीला इंदू कुरकुरली. इराचे वडील सुबोध म्हणाले, "असू दे आई, आता कुणी त्याचं काही मानत नाही." इंदूने तह केला. लिहायचे तर लिही, जेवायचे मात्र उजव्या हाताने. झाले. घरातल्या सगळ्यांना वाटले की डाव्या हाताचा प्रश्न सुटला.

माझा विचार कुणीच केला नाही. मित्रांनो, उजव्या हाताने मला दाबले की अंगठा आणि बोटे माझी पाती एकमेकांवर घट्ट टेकवतात. म्हणून कागद कापला जातो. तीच मी डाव्या हातात गेले की अंगठ्याचा दाब उलटीकडे पडतो आणि पाती एकमेकांपासून दूर होतात. मधे फट राहते. कागद त्या फटीत शिरतो, दुमडतो, चुरगळतो. कापायची रेघही वरच्या पात्याआड लपते. इराची शाळेची प्लॅस्टिकची कात्रीही माझ्यासारखीच उजव्या हातासाठी केलेली. पोरीने दोन्ही वापरून पाहिल्या. दोन्हींनी कागद चावला.

"बाबा, नहीं कट रहा," ती म्हणायची. इराला मराठी सगळे समजते, पण बोलते ती हिंदीच.

"आण इकडे," सुबोध म्हणायचे. ते मला उजव्या हातात घ्यायचे आणि मी सरसर कापायची. "बघ, कापतेय की! नीट धरायला शिक."

मला किती ओरडावेसे वाटायचे! अहो, डाव्या हातात धरून बघा! पण कात्रीला जीभ नसते. असतात ती दोन पाती, आणि ती उघडायला दुसऱ्याचा हात लागतो.

असे करत करत ती 'पारिवारिक गतिविधि' इराच्या हातून निसटत गेली. सुबोध कापायचे. इराची आई पूर्णिमा चिकटवायची. इंदू खाटेवरून सूचना द्यायची. इराच्या हातात फक्त गोंदाची बाटली, झाकण उघडून तयार ठेवलेली. वर्गात संकेत नावाचा एका मराठी सुभेदाराचा मुलगा होता, बबीनाच्या लष्करी वसाहतीतून येणारा. त्याच्या घरून एकदा पुठ्ठ्याचा रणगाडा आला. ग्रुपवर फोटो पाहून पूर्णिमा ताडकन उठली.

"अहो, त्याची तोफ फिरतेय! दुसरीतल्या मुलानं केलं म्हणे."

"सुभेदारसाहेबांनी केलं असणार."

"मग आपण का मागे राहायचं? पुढच्या वेळी कारंजं करू. पाणी उडणारं."

आणि कारंजे झाले. पाणीसुद्धा उडाले. इराने ते शाळेत नेले आणि 'बहुत सुंदर' असा शेरा मिळाला. घरी सगळे खूश. इरा मात्र शेरा दाखवून बाजूला जाऊन बसली. मी टेबलावर होते. मला तिचे तोंड दिसत होते.

एकदा सुबोधना वाटले, धार गेली असेल. कोपऱ्यावरच्या धारवाल्याकडे मला नेले. त्याने चाक फिरवून माझ्या अंगातून ठिणग्या काढल्या आणि म्हणाला, "अब तो बाल लौं काट देहै, भैया." आता केससुद्धा कापेल, असे त्याचे म्हणणे. घरी आल्यावर मला पुन्हा इराच्या डाव्या हातात दिले. कागद पुन्हा दुमडला.

"आता तर धारही आहे," सुबोध सुस्कारा सोडून म्हणाले.

"हातातच कला नाही गं तिच्या," इंदू पूर्णिमाला म्हणाली. हळू आवाजात म्हणाली, पण इराने ऐकले. मीही ऐकले. माझ्या आयुष्यात मला इतका राग कधी आला नव्हता. त्या दिवसापासून इराने कात्री मागणेच सोडले.

मग एके दिवशी अण्णा न्हाणीघरात घसरले आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. कोपरापर्यंत प्लॅस्टर. दोन-चार दिवस त्यांनी कळ काढली. मग वर्तमानपत्रात त्यांना हवासा एक लेख आला. घरात कुणी नव्हते. त्यांनी मला डाव्या हातात घेतले.

कागद दुमडला.

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा दुमडला. त्यांनी मला डोळ्यांजवळ नेले, उघडले, मिटले. फटीतून खिडकीचा उजेड दिसला. "अरे," एवढेच ते म्हणाले. मला वाटले, आता सुटले मी! कळले एकदाचे कुणाला तरी!

पण अण्णा ते अण्णाच. लगेच त्यांच्या मनात आले की आपला डावा हात मुळातच कच्चा आहे. सवय नाही. त्यावरून काय सिद्ध होते? उगाच मुलासुनेसमोर काहीतरी बोलायचे आणि हसे करून घ्यायचे. संध्याकाळी त्यांनी गृहपाठ करत बसलेल्या इराकडे पाहिले. ती डाव्या हाताने मोर काढत होती. त्याच्या पिसाऱ्याची एकेक रेघ केसासारखी बारीक आणि न थरथरणारी. असा हात कच्चा कसा असेल? अण्णांना ते पटलेले मला दिसले. तरी बोलायचे धाडस होईना. आपल्या खोलीत ते वाक्य म्हणून पाहायचे. "सुबोध, मला असं वाटतं की..." मग म्हणायचे, "नको, असं नको." जेवताना एकदा त्यांनी सुरुवातही केली.

"सुबोध, मी म्हणत होतो, त्या कात्रीचं..."

"अण्णा, गोळी घेतलीत का?"

"घेतली. कात्रीचं असं आहे..."

"अहो, आधी वरण-भात संपवा," इंदू म्हणाली. "गार होतोय."

अण्णांनी वरण-भात संपवला. मी फडताळात कुढत राहिले. ज्याला बोलता येते तो बोलत नाही आणि जिला बोलायचे आहे तिला तोंड नाही. सांगा, वैतागू नको तर काय करू?

त्याच आठवड्याच्या शुक्रवारी नवा संदेश आला. रणगाडे आणि कारंजी पाहून नीलम मॅडमही कंटाळल्या असाव्यात. या वेळी घरून काही करून आणायचे नाही. शनिवारी सकाळी प्रत्येक मुलाबरोबर घरातल्या एकाने वर्गात यायचे. भिंतीवर निळ्या कागदाची बेतवा नदी लावलेली असेल. प्रत्येक मुलाने कागदाचा एक मासा कापून तिच्यात सोडायचा. मोठ्या माणसाने फक्त कागद धरायचा. 'कैंची केवल बच्चे के हाथ में रहेगी.'

इराने तो संदेश आईच्या खांद्यावरून वाचला आणि ती मागे सरकली.

"मैं नहीं जाऊँगी. सब हँसेंगे."

"कोण हसतंय? मी आहे ना," पूर्णिमा म्हणाली. पण तिलाही काळजी वाटत होती.

सुबोधनी तोड काढली. त्यांनी केशरी कागदावर मासा काढला आणि माझ्याने तो चहूबाजूंनी कापला. मधे मधे फक्त तीळभर जागा न कापता सोडल्या. लांबून पाहिले तर अखंड कागद दिसावा. "हे बघ इरा, तू नुसती कात्री फिरवल्यासारखं कर. ओढलंस की मासा सुटून येतो."

"पर ये तो आपने काटा है, बाबा."

"तू धर तर खरी!"

ते पाप माझ्या पात्यांकडून झाले, मित्रांनो. मी काय करणार? उजव्या हातात होते.

शनिवारी सकाळी इरा पांघरुणातून बाहेर येईना. पूर्णिमा समजावत होती, सुबोध घड्याळ बघत होते. तेवढ्यात अण्णा इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे राहिले. प्लॅस्टरचा हात झोळीत.

"मी जातो तिच्याबरोबर."

इंदू म्हणाली, "एका हातानं? कागद कसा धरणार?"

"डाव्यानं धरीन."

"अण्णा, तुम्ही तिथे कुणाशी बोलतसुद्धा नाही," पूर्णिमा म्हणाली.

"नाही बोलत. कागदच तर धरायचाय."

इरा पांघरुणातून डोकावली. आजोबांबरोबर ती जायला तयार झाली. कदाचित तिला वाटले असेल की एक हात बांधलेले आजोबा असले तर लोक त्यांच्याकडे बघतील. सुबोधनी पिशवीत मला आणि तो कापून ठेवलेला मासा घातला.

वर्ग भरलेला होता. संकेतचे सुभेदार वडील शेजारच्या बाकावर होते. "रामराम काका! हात कुठं मोडला?" त्यांनी आपुलकीने विचारले. अण्णांनी फक्त मान हलवली. मग पिशवीतून केशरी कागद काढला, त्याची घडी केली आणि खिशात ठेवला.

"आजोबा, वो क्यों रख दिया?"

"तो तुझ्या बाबांचा मासा आहे," अण्णा कुजबुजले. "त्यांचा त्यांना परत देऊ."

त्यांनी कोरा कागद पुढे धरला. इराने त्यावर मासा काढला. सुंदर मासा, मोठ्या डोळ्याचा. मग तिने मला डाव्या हातात घेतले. तिचा तळहात घामाने ओला होता. मी जीव एकवटून पाती जवळ ठेवायचा प्रयत्न केला. खरेच केला. पण खिळा खिळा असतो. कागद फटीत शिरला आणि माशाची शेपटी चुरगळली.

"इरा, तू तो काग़ज़ चबा रही है!" संकेत म्हणाला.

पुढच्या बाकावरची मुले हसली. इराने मला खाली ठेवले.

तेव्हा अण्णा उभे राहिले. बाक करकरला. सगळे बघू लागले. अण्णांचे कान लाल झाले. मला वाटले, आता हे खाली बसणार.

"मैडमजी," ते म्हणाले. "हाथ ठीक है इसका. कैंची दाएँ हाथ की है."

मागून कुणाचे तरी वडील हसले. "दादाजी, कैंची भी दायीं-बायीं होती है? जूता है क्या?"

"आप बाएँ हाथ से काटकर देखिए," अण्णा म्हणाले आणि धप्पकन बसले.

नीलम मॅडम आल्या. त्यांनी मला डाव्या हातात घेऊन कागदावर चालवले. कागद दुमडला. त्यांनी मला उजेडात धरले, हळूहळू मिटले आणि ती फट पाहिली. मग सबंध वर्गाला म्हणाल्या, "चलो, सब लोग कैंची दूसरे हाथ में. बड़े भी."

काय गोंधळ उडाला! सगळ्या बाकांवरून कागद चावल्याचे आवाज. संकेत ओरडला, "पापा, नहीं हो रहा!" सुभेदारसाहेबांनी दात-ओठ खाऊन जोर लावला आणि कागदाचा बोळा केला. जोड्याची चेष्टा करणारे गृहस्थ तर कात्री उलटीसुलटी करून बघत बसले.

इरा उठून उभी राहिली. ती हसत नव्हती. एकेका बाकाकडे नुसती बघत होती. इतके दिवस जे तिच्या एकटीच्या हातात घडत होते, ते आज सगळ्यांच्या हातात घडत होते.

"इरा," नीलम मॅडम म्हणाल्या, "तुम अपने तरीक़े से बनाओ."

इराने नवा कागद घेतला. मला हात लावला नाही. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून तिने तो रेघेवरून जरा जरा फाडत नेला. अण्णा डाव्या हाताने कागद दाबून बसले होते. मासा तयार झाला. त्याच्या कडा खरबरीत, खवल्यांसारख्या. तो बेतवेत सोडला तेव्हा सरळ कडांच्या माशांमध्ये तोच जिवंत वाटत होता. मी बाकावर बिनकामाची पडून होते आणि मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मला इतके बरे कधी वाटले नाही.

घरी अण्णांनी केशरी मासा सुबोधच्या हातात दिला आणि सगळे सांगितले. सुबोध माशाच्या न कापलेल्या जागा तेवढ्या चाचपत राहिले. दुपारी इंदू एकटी असताना तिने मला डाव्या हातात धरून जुन्या पोलक्याच्या तुकड्यावर चालवले. कापड फटीत अडकले. ती कितीतरी वेळ ते सोडवत बसली. मग मोठ्याने म्हणाली, "सुबोध, मोबाईलवर सगळं मिळतं ना रे? डाव्या हाताची कात्री मागव."

कात्री आली. हिरव्या मुठीची, छोटीशी. इरा तिच्याने सारखी काही ना काही कापत असते. अण्णांचे लेखसुद्धा आता तीच कापते. मी पुन्हा फडताळात आहे.

माझा वैताग मात्र पुरता गेलेला नाही. कारण मोठी माणसे लवकर शिकत नाहीत. परवाच्या शुक्रवारी इराने फुलपाखरू कापले. एक पंख जरा वाकडा झाला. पूर्णिमाने फडताळ उघडून मला बाहेर काढले. "थांब, फक्त कड सरळ करते."

इराने फुलपाखरावर हात ठेवला. डावा हात.

"आई, नको," ती म्हणाली. मराठीत म्हणाली. "ते माझं आहे."

पूर्णिमाने मला हळूच खाली ठेवले.

म्हणून मित्रांनो, एवढेच मागते. तुमच्या घरी एखाद्या मुलाला काही जमत नसेल, तर त्याच्या हाताला नावे ठेवण्याआधी त्याच्या हातातली वस्तू तुम्ही घेऊन बघा. आणि तो ज्या हाताने धरतो, त्याच हाताने घेऊन बघा. जमलेच तर मलाही कधीतरी बाहेर काढा. खिळ्यावर तेलाचा एक थेंब पुरे. कापडाचे एखादे काम निघाले तर मी अजून तयार आहे. उजव्या हातासाठी.